पोटॅशियमच्या पुढचा शब्द

सुनीला उठवून बसवलं आणि तिची मान मागे पडली. दोन दिवसांपूर्वी हीच पोरगी ताठ बसून माझ्या स्टेथोस्कोपची नळी ओढत होती. आता डोळे उघडे, शुद्ध चांगली, पण अंगात जीव म्हणून नाही. मी सिस्टरकडे पाहिलं. सिस्टरने छताकडे पाहिलं.

"औषध चालू आहे ना?"

"चालू आहे मॅडम. बाटली बघा की."

पाहिली. त्या काळी कंपाउंडर मिक्श्चर बनवून बाटलीवर कागदाची कातरलेली पट्टी चिकटवायचा, एका खाचेला एक डोस. औषध बरोब्बर खाचेवर उतरलेलं. एक थेंब इकडे नाही की तिकडे नाही.

ही गोष्ट शहात्तर-सत्याहत्तर सालची. चिंचवड स्टेशनजवळच्या एका दहा खाटांच्या हॉस्पिटलात मी मुलांची डॉक्टर होते. सुनी अडीच वर्षांची, दहा किलोची. तिचे वडील बबनराव मूळचे मावळातले, एका कारखान्यात नोकरीला. पोरीला आठवडाभर जुलाब झाले, मग ताप आला, मग धाप लागून "पोट उडतंय" म्हणून दोघं नवराबायको तिला घेऊन धावत आले. न्यूमोनिया होता. म्हणजे जंतूंमुळे फुप्फुसाचा एक भाग आतून भरून घट्ट झाला होता, तिथे हवा जात नव्हती. पेनिसिलिनची इंजेक्शनं सुरू केली, तिसऱ्या दिवशी ताप उतरला. मी खूश. आणि त्याच दिवशी पोट नगाऱ्यासारखं फुगलं आणि पोरीने मान टाकली.

हे न्यूमोनियाचं नव्हतं, आधीच्या जुलाबांचं होतं. पोटॅशियम हा रक्तातला एक क्षार. स्नायू त्याच्या जिवावर चालतात. जुलाबातून तो वाहून जातो. मग हातपाय लुळे पडतात, आतडी संप करतात. फारच कमी झाला तर श्वासाचे स्नायू आणि हृदयसुद्धा दगा देतं. शिवाय न्यूमोनियाच्या मुलाला कफ काढायला खोकावं लागतं, आणि खोकायला ताकद लागते. सुनीला खोकता येईना. कफ आत साठला की खेळ खलास.

कंपाउंडरला रक्ताचा नमुना देऊन गाडीने पुण्याला पिटाळलं. पोटॅशियम निदान साडेतीन हवं, हिचं दोन पॉइंट एक. सलाइनमधून थेंबथेंब पोटॅशियम दिलं. ते घाईने देता येत नाही, घाई केली तर त्यानेच हृदय थांबतं. दोन दिवसांत पोट उतरलं, मान सावरली. सलाइन काढलं आणि तोंडाने तेच औषध सुरू केलं. पोटॅशियम क्लोराइडचं मिक्श्चर, दिवसातून चार वेळा.

आणि आता मान पुन्हा खाली. नवा रिपोर्ट आला, दोन पॉइंट तीन. मी फोनवर लॅबवाल्याला झापलं. तो म्हणाला, "मॅडम, दोनदा तपासलंय." मग कंपाउंडरला झापलं. तो बिचारा वजनकाटा घेऊनच समोर आला. मग सिस्टरची पाळी.

"तुम्ही स्वतः पाजता का?"

"वडीलच पाजतात. म्हणाले, माझ्याच हातचं घेते ती. आणि खरंच हो मॅडम, इतकी शहाणी पोर! औषध घेताना हूं का चूं करत नाही."

माझ्या मनात तिथेच पाल चुकचुकली. अहो, ते मिक्श्चर मी चाखलेलं आहे. समुद्राच्या पाण्यात लिंबोळ्या उकळाव्यात तशी चव. आजवर एक मूल ते मुकाट्याने प्यालेलं नाही. मी चमचा भरला आणि सुनीच्या तोंडात घातला. अंगात त्राण नसलेल्या त्या पोरीने असं तोंड वेंगाडलं आणि जे फुर्रर्र केलं, ते थेट माझ्या एप्रनवर. हे औषध ती आयुष्यात पहिल्यांदा चाखत होती.

"बबनराव! इकडे या!"

आले. उंच, अबोल माणूस. मागे बायको, शांताबाई, पदर तोंडाशी धरून.

"औषध कुठे जातंय?"

"मोरीत," तो म्हणाला. सरळ. खोटं बोलायचा प्रयत्नसुद्धा नाही.

"चारही डोस?"

"व्हय. मोजून. येळ झाली की येक खाच वततो."

मी कपाळावर हात मारला. चोरीसुद्धा अशी मापात! "अहो, का पण? पोर मरायला टेकलीय तुमची!"

"त्याच्यासाटीच," तो म्हणाला. "बाटलीवर पोटॅशियम लिवलंय. मला विंग्रजी अक्षरं येत्यात, बाई. मी हीट ट्रीटमेंटला हाय. आमच्या खात्यात पोटॅशियमचा डबा हाय, त्याच्यावर कवटी हाय. चिमूटभर पोटात गेलं तर माणूस जागंवर खलास."

हीट ट्रीटमेंट म्हणजे लोखंडाचे पार्ट तापवून कडक करायचं खातं. तिथे पोटॅशियम सायनाइड वापरतात हे मलाही तेव्हा पहिल्यांदा कळलं.

"ते वेगळं, हे वेगळं! हे साधं सॉल्ट आहे, सॉल्ट!"

त्याचा चेहराच उतरला. बायकोकडे वळून म्हणाला, "ऐकलंस? सॉल्टच म्हनत्यात. आमी बी त्येला सॉल्टच म्हनतो."

घ्या! मी तोंड उघडेन तितकी खड्ड्यात जात होते. शेवटी चिडून दोन चमचे त्याच्यासमोर घटाघट प्यायले.

"बघा. मेले का मी?"

त्याने मला आपादमस्तक न्याहाळलं. "तुमी मोठं मानूस. पोरगी धा किलोची हाय."

आता याला काय म्हणायचं? औषधाचा डोस वजनावर ठरतो हे मुलांच्या डॉक्टरला तो शिकवत होता, आणि बरोबर शिकवत होता! वर म्हणाला, "डिस्चार्ज द्या. आमी घरी नेतो."

घरी नेली असती तर ती दुसरा दिवस बघत नव्हती. ओरडून उपयोग नव्हता, ते करून झालं होतं. बाटलीवरचं लेबल मी खरवडून काढलं आणि त्याच्या हातावर ठेवलं.

"यावर किती शब्द आहेत?"

"तीन."

"तिसरा मिक्श्चर, तो सोडा. तुम्ही पहिलाच वाचलात. आता खात्यात जा आणि त्या कवटीवाल्या डब्यावर पोटॅशियमच्या पुढे काय लिहिलंय ते अक्षरन् अक्षर उतरवून आणा. दुसरा शब्द हाच निघाला तर मी स्वतः रिक्षा आणून तुम्हाला घरी सोडते. तोवर पोर इथून हलणार नाही."

त्याने बायकोकडे पाहिलं. शांताबाई पहिल्यांदाच बोलली, "जावा की. वाचायला काय जातंय?"

तो सायकलवर गेला. मी सुनीच्या उशाशी बसले. श्वास उथळ, घशात घरघर. दर दहा मिनिटांनी सिस्टर नळीने कफ ओढत होती. सलाइन पुन्हा लावायची सगळी तयारी करून ठेवली, पण शांताबाई पोरीचा हात सोडेना. "ह्यांना येऊ द्या," एवढंच. त्या दीड तासात मी त्या माणसाला मनातल्या मनात ज्या शिव्या घातल्या त्या छापण्यासारख्या नाहीत.

तो आला तो घामाने निथळत. हातात सिगारेटच्या पाकिटाचा फाडलेला तुकडा, त्यावर पेन्सिलीने लिहिलेलं. दोन ओळी.

"ह्यो कवटीचा," त्याने वरच्या ओळीवर बोट ठेवलं. सायनाइड. "ह्यो कपाटात, कुलपात. किल्ली सुपरवायझरकडं." मग बोट खाली सरकलं. "आन् ह्यो तुमचा. क्लोराइड. ह्याचं बी पोतं हाय आमच्याकडं, भट्टीत टाकाया. त्येला ना कुलूप, ना कवटी." जरा थांबला. खाली बघत म्हणाला, "त्याच पोत्यावर बसून आमी रोज भाकर खातो."

"सायनाइडच्या खात्यात बसून भाकर खाता?" मी किंचाळले. पण तो झगडा नंतरचा. शांताबाईने पोरीचा हात माझ्यापुढे धरला, सिस्टरने सुई लावली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सुनी खोकली. चांगली खणखणीत. तिसऱ्या दिवशी मान उभी. मग तोंडाने औषध, आणि तेही बबनरावांच्याच हातून, मी समोर उभी राहून. पोरीने असा टाहो फोडला की शेजारच्या खाटेवरचं पोर जागं झालं. दर डोसला रड, दर डोसला थुंकी. मी निश्चिंत झाले.

त्या वेळी दोन गोष्टी शिकले. बाटली रिकामी झाली म्हणजे औषध पोटात गेलं असं नाही. आणि केसपेपरवर बापाचा धंदा लिहिला की पुढे विचारायचं, कुठल्या खात्यात? त्या बबनरावांनी वाचण्यात चूक केली होती, पण निदान वाचलं तरी होतं. समजावून सांगायचं काम माझं होतं, ते मी केलं नव्हतं. हे कबूल करायलाही मला बरीच वर्षं लागली.

घरी सोडताना सांगितलं, "रोज एक केळं द्या. या औषधात जे आहे तेच केळ्यात असतं."

शांताबाई हबकली. "निमोनिया झाल्याल्या पोरीला केळं? थंड असतंय वो ते!"

मी डोळे मिटले. परत सगळं पहिल्यापासून! तेवढ्यात बबनराव बायकोवर खेकसले, "दे म्हनत्यात तर दे की गं! क्लोराइड असतंय त्याच्यात."

केळ्यात असतं ते पोटॅशियम. मी तोंड उघडलं, सुनीच्या ताठ मानेकडे पाहिलं आणि मिटलं.