फिरऔनला कोणी धुतलं

मी मयत धुते. बायकांची. पुरुषांची पुरुष धुतात. पस्तीस वर्षं तरी झाली असतील. सासू हे काम करायची, तिच्या हाताखाली शिकले आणि ती गेली तेव्हा तिलाही मीच धुतलं. शाळा माझी चौथीपर्यंत, तीही मराठी. त्यामुळे घरात आमची हिंदी-मराठी मिसळ चालत असली तरी लिहायचं म्हटलं की मराठीच येतं.

हे काम एकटीने होत नाही. एक पाणी ओतायला, एक हात फिरवायला, अशा दोघी तरी लागतात. कूस बदलताना तिसरी असली तर बरं. माझ्याबरोबर वीसेक वर्षं शेजारची आपा होती. दोन वर्षांपूर्वी तिला तिच्या मुलीने मालेगावला नेलं आणि त्याच वर्षी माझा डावा गुडघा गेला. मयतीच्या घरातल्या बायका असतात, पण रडणाऱ्या बाईच्या हातात तांब्या दिला की पाणी भलतीकडेच जातं. सातपूर, देवळाली कॅम्प, एकलहऱ्याची कॉलनी, अशी कुठून कुठून बोलावणी यायची. एकदा मी नाही म्हणून सांगितलं. त्या घरच्यांनी मग कोणाला शोधलं, शोधलं की नाही, मला माहीत नाही. पस्तीस वर्षांत ते पहिल्यांदा झालं आणि ते मला टोचत राहिलं. अशीच नकारघंटा वाजवत बसले तर आमच्या भागातल्या बायकांना शेवटचं पाणी कोण घालणार?

घरात एक धडधाकट बाई होती. माझी सून. पण ती या कामाची नव्हती, असं माझं मत होतं. एक तर ती मेलेल्या माणसाला घाबरायची. गल्लीत कोणी गेलं की ही आमच्या स्वयंपाकघरात बसून भांडी घासायची, घासलेलीच परत घासायची. दुसरं म्हणजे तिचं तोंड. पोटात काही राहत नाही. सकाळी जे ऐकेल ते दुपारच्या अजानच्या आत चार घरांत पोचवणार.

आणि ही बाई रोज मुडदे बघायची. मोबाईलवर. मिसरचे. इजिप्तला आमच्याकडे मिसर म्हणतात. मोबाईल पिठाच्या डब्याला टेकवून ठेवायची आणि रोट्या लाटता लाटता बघायची. राजाचं थडगं उघडलं, राणीची पेटी उघडली, कोणाच्या पट्ट्या सोडवल्या. नवरा, म्हणजे माझा मुलगा, सातपूरला कंपनीत पाळीने जातो. तो घरी नसला की आवाज मोठा. मी एकदा म्हटलं, "तीन हजार वर्षांचा मुडदा बघत जेवतेस आणि काल गेलेल्या म्हातारीच्या दारात जात नाहीस?"

ती म्हणाली, "अम्मी, तो मुडदा वाटतच नाही. वाळलेला आहे."

तिला हे वेड कापडावरून लागलं. ती मालेगावची, बापाचे चार यंत्रमाग होते, लहानपण सुताच्या धुरळ्यात गेलेलं. कुठल्याशा व्हिडिओत तिने त्या पट्ट्या जवळून बघितल्या आणि थांबवून थांबवून धागे मोजायला लागली. मला बोलावून दाखवलं. म्हणाली, बघा, हे कापड हातमागाचं आहे आणि आमच्या बापाच्या मागावर इतकं बारीक कधी निघालं नाही. मग ती सांगत सुटली. नवीन कापड सगळ्यांना परवडायचं नाही, घरातल्या जुन्या चादरी फाडून पट्ट्या करायचे. कोणाच्या चादरीच्या कोपऱ्याला शाईने खूण असायची, धोब्याकडे द्यायच्या कपड्याला असते तशी. ती खूण अजून दिसते.

तिथून पुढे मग राजे आले, पिरॅमिड आले, मांजरांना गुंडाळायचे ते आलं. गल्लीतल्या बायका तिला मिसरवाली भाभी म्हणायला लागल्या. चिडवायच्या आणि दुपारी ओट्यावर येऊन तिचं ऐकायच्याही. शेजारची एक भाकरी टाकून यायची. पिरॅमिड कोणी बांधले यावर तर दोघींचं भांडण झालं. शेजारीण म्हणाली, जिन्न-भुतांनी. सून म्हणाली, मजुरांनी, त्यांना खायला रोटी आणि कांदे मिळायचे. कांदे म्हटल्यावर सगळ्यांना पटलं.

लोकांना मिसरचं एवढं का, याचा मी विचार केला आहे. मला वाटतं, तिथला मेलेला आपला कोणी लागत नाही. त्याच्यासाठी रडायला नको, चाळीसाव्याचं जेवण नको. मरण नुसतं बघायला मिळतं. माणसाला ते बघायचं असतंच. मयतीच्या दारात उभे राहतात त्यांतले निम्मे तेवढ्यासाठी येतात, मी नेहमी बघते.

मला स्वतःला मिसर ठाऊक होतं ते फिरऔनमुळे. लहान असताना उरुसात चित्रांचं दुकान लागायचं. तिथे एक चित्र होतं, काचेच्या पेटीत झोपलेला काळा, वाळलेला माणूस. आईने सांगितलं, हा फिरऔन. स्वतःला खुदा म्हणवायचा, त्या काळच्या पैगंबरांचा पाठलाग करताना समुद्रात बुडाला, त्याचं शरीर निशाणी म्हणून राखून ठेवलं. मी विचारलं, "त्याला धुतलं कोणी?" आईने माझा हात ओढला आणि बांगड्यांच्या दुकानाकडे नेलं. मी तेव्हा आठ वर्षांची होते. या कामात मी पुढे पडेन हे तेव्हा कोणाला माहीत होतं?

हे मी सुनेला सांगितलं तेव्हा ती लाटणं ठेवून म्हणाली, फिरऔन एक नव्हता. तिथल्या राजालाच फिरऔन म्हणायचे, असे कितीतरी झाले, आणि काचेतला तो कोणता यावर अजून वाद आहे. आणि मुडदे धुवायचे ना. नदीच्या पाण्याने, ताडीच्या दारूने. मग पोट चिरून आतलं काढायचे, काळीज तेवढं आत ठेवायचे, मेंदू नाकातून काढून फेकून द्यायचे, आणि चाळीस दिवस खारात, मिठासारख्या भुकटीत पुरून ठेवायचे. म्हणाली, जो कुशीला चीर देई त्याला काम झाल्यावर बाकीचे दगड मारून पळवायचे. मुडद्याला जखम केली म्हणून.

ते मला लगेच समजलं. माझ्या हातचा चहा न पिणारी दोन घरं आजही आहेत. त्यांच्या बायका मी धुतल्या आहेत.

तेव्हापासून मीही मधूनमधून बघायला बसू लागले. मी माझ्या नजरेने बघायची. हात छातीवर बांधले ते नीट बांधले, बोटं वेगवेगळी गुंडाळली, हे घाईत होत नाही. काम करणारा माणूस जाणता होता. पण एक दिवस तिने जुन्या काळातल्या गोऱ्या लोकांचं दाखवलं. मिसरमधून मुडदा आणायचे, दिवाणखान्यात टेबलावर ठेवायचे, पाहुणे बोलवायचे आणि सगळ्यांसमोर पट्ट्या सोडायचे. तिकीट लावूनसुद्धा. आत बाई निघाली तर बाई.

मी तिला मोबाईल बंद करायला सांगितलं. तिला वाटलं मी घाबरले. मी म्हटलं, आम्ही बाई धुतो तेव्हा तिच्यावरची चादर काढत नाही. चादरीखालून हात घालून धुतो, हाताला कापड गुंडाळून. पाणीसुद्धा चादरीवरून जातं. आणि जे दिसतं ते तिथेच सोडून यायचं. डाग, व्यंग, ऑपरेशनची खूण, मार. नवऱ्याला सांगायचं नाही, पोटच्या मुलीला सांगायचं नाही. ती अमानत असते, विश्वासाने दिलेली ठेव. "ज्यांनी गुंडाळलं त्यांनी काही सांगितलं नसेल," मी म्हटलं. "सांगितलं ते उघडणाऱ्यांनी. तू त्यातली आहेस."

बोलणं कडक झालं, पण मी ते मागे घेतलं नाही. दोन दिवस तिने मोबाईल पिठाच्या डब्याला टेकवला नाही. आमच्या घरात तेवढी शांतता कधी नव्हती.

त्यानंतर महिनाभरात गल्लीच्या टोकाची एक बाई गेली. पन्नाशीची. पहाटे गेली आणि दुपारच्या नमाजनंतर न्यायचं ठरलं. तिची सून बाळंतीण, मुलगी सुरतेहून निघालेली, ती काही वेळेत पोचणार नव्हती. आणि या बाईबद्दल गल्लीत वर्षानुवर्षं एक गोष्ट बोलली जायची. काय, ते लिहीत नाही. ते लिहिलं तर पुढचं तुम्हीच लावाल. एवढंच सांगते की ती गोष्ट खरी की खोटी हे तिला धुणारीलाच कळणार होतं आणि ते सगळ्यांना माहीत होतं. त्यामुळे मदतीला यायला त्या दिवशी चार जणी तयार होत्या. एरवी एक मिळत नाही. त्यांचे चेहरे बघून मी चौघींना बाहेर ठेवलं.

घरी आले. सून भांडी घासत होती.

मी म्हटलं, "हात धू आणि चल."

"अम्मी, मला नाही जमणार."

"मला गुडघ्यावर बसता येत नाही. दुसरं कोणी घ्यायचं तर बाहेरच्या चौघींतली घ्यावी लागेल. बघ."

ती आली. ओढणी तोंडाला घट्ट बांधून आली. फळीवर चादरीखाली ती बाई होती आणि ही दाराला पाठ लावून उभी. बोरीचा पाला घालून उकळलेलं पाणी मी कोमट करत होते. म्हटलं, आधी कफन फाड. पाच तुकडे, मापं सांगते. तिने तागा हातात घेतला, काठ चाचपला, दातांनी जरासा चावला आणि सर्रकन फाडला. एका रेषेत. मी इतकी वर्षं फाडते, माझं जरा तरी तिरकं जातं. पुढचे तुकडेही तसेच. शिवायला दोरा त्याच कापडातून काढायचा असतो, तोही तिने न सांगता उपसून काढला. तेवढ्यात तिचा श्वास ठिकाणावर आला. मग तांब्या तिच्या हातात दिला. आधी उजवी बाजू, मग डावी, पाणी खांद्यापासून पायाकडे. पाणी जायचं तिथेच गेलं.

कूस बदलताना आम्ही दोघींनी ते बघितलं.

मी तिच्याकडे बघितलं तेव्हा ती तांब्यात बघत होती. शेवटच्या पाण्यात कापूर घातला, केसांच्या दोन वेण्या केल्या, छातीवर घेतल्या, वरून ओढणी. तिने कापडाच्या घड्या इतक्या सारख्या घातल्या की मला फक्त गाठी बांधायच्या राहिल्या.

खरी भीती मला संध्याकाळची होती. त्या चौघी आमच्या ओट्यावर येणार हे नक्की होतं आणि त्या आल्याच. मी आत पलंगावर गुडघ्याला तेल चोळत होते, खिडकी उघडी होती. आधी बिचारीचं चांगलं बोलून झालं. मग जी सगळ्यांत मोठ्या आवाजाची आहे ती हळू आवाजात म्हणाली, "भाभी, तू होतीस ना आत? अंगावर काही होतं का गं?"

माझा हात थांबला. सुनेचं तोंड मला ठाऊक होतं. आता सगळं गल्लीभर होणार, उद्या सुरतेची मुलगी आली की तिच्याही कानावर जाणार, आणि यापुढे कोणी आमच्या हातात आपली बाई देणार नाही. मी उठायला गेले, गुडघ्याने उठू दिलं नाही.

सून म्हणाली, "होती ना. चादर होती."

"तसं नाही गं. खाली."

"खाली फळी होती."

कोणीतरी हसलं. मोठ्या आवाजाच्या त्या बाईने परत विचारलं, आमच्यापासून काय लपवायचं म्हणाली. मग सुनेने सुरू केलं. मिसर. तिथे कसं चाळीस दिवस खारात ठेवायचे, बोटाला बोट कसं गुंडाळायचे, पट्ट्यांच्या आत ताईत कसे लपवायचे, त्यांचे देव मेलेल्याचं काळीज तराजूत घालून पिसाबरोबर कसं तोलायचे. मध्ये कोणी तोंड उघडलं की ती पुढचा राजा काढायची. तिच्या बापाच्या मागावरचं सूतही आलं. मांजरं आली, मगरीसुद्धा आल्या. असा तासभर गेला असेल. शेवटी एकीची भाजी लागायची वेळ झाली, दुसरीचा नवरा आला. एकेक करून उठल्या.

ती आत आली, पाणी प्यायली. मी म्हटलं, "मगरी पण गुंडाळायचे?"

"हो अम्मी. छोट्या मगरीसुद्धा."

रोट्या झाल्या, जेवलो.

त्या बाईच्या अंगावर काय होतं ते मी इथेही लिहिणार नाही. तुम्ही एवढं वाचत आलात म्हणून सांगेन असं नाही. त्या गोष्टीतलं खरं किती आणि खोटं किती, ते तिच्याबरोबर गेलं.

दोन महिन्यांनी देवळाली कॅम्पहून बोलावणं आलं. मी चप्पल शोधत होते तोवर तिने माझी पिशवी उचलली. कापूर बघ म्हटलं तर म्हणाली, बघितला, कात्री पण घातली आहे, तुमची बोथट झाली होती. बसमध्ये मला खिडकीजवळची जागा दिली आणि शेजारी बसून मोबाईल काढला. कुठल्याशा राणीची पेटी उघडत होते. मी तिला आवाज कमी करायला सांगितलं. तिने कमी केला.