भैय्यालालचा आफ्रिकेतल्या सोयऱ्यांचा बेडूक

शहापूरचा भैय्यालाल भंडाऱ्याच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र विभागाचा शिपाई होता. पण पानठेल्यावर त्याचं बोलणं ऐकलं, तर प्रिन्सिपॉल त्याच्याच हाताखाली असावेत असं वाटे. एकोणऐंशीच्या कोरड्या श्रावणात तर विचारूच नका. आंधळगावला, सासुरवाडीच्या मळ्यात, त्याला वाळूत दडलेला गोलमटोल बेडूक सापडला होता.

हे ऐकून त्याच्या विभागाचे प्राध्यापक लक्ष्मणराव सर खूश झाले. "आफ्रिकेतला वाळूतला बेडूक आणि हा, दोघांना काही पंडित एकाच वंशात धरतात. काही म्हणतात, समुद्रापलीकडची सोयरीक कशी मानायची? उद्या जिवंत घेऊन ये, नागपूरला प्राणिशास्त्राच्या सभेला तूही चल."

सभा! भैय्यालालनं कोट धुवायला टाकला, बेडूक ओल्या वाळूच्या मडक्यात ठेवला आणि गावभर सांगत सुटला.

परतला तर मडकं रिकामं. गल्लीत पाऊस मागायला बायांची धोंडी निघालेली, मुसळाला कडुनिंबाचा पाला, पाल्यात बेडूक, आणि मुसळ खांद्यावर घेऊन पुढं खुद्द बायको ललिताबाई!

"अवं, तो कॉलेजचा हाय!"

"कॉलेजचा कायचा? माह्या माहेरचा हाय," ललिताबाई म्हणाली. "पाणी नाही, धान वाळून राहिलं, अन् तुमाले सभा सुचून राहिली?"

"भाऊजी, आफ्रिकेले कळवा, तुमचा सोयरा वरातीत हाय म्हणून!" शेजारची कुंताबाई म्हणाली आणि घागरभर पाणी बेडकासकट भैय्यालालवरही ओतलं.

पावसाच्या कामात आडवं कोण येणार? बिचारा निथळत मागं चालला. रीतीप्रमाणे बायांनी गावच्या बोडीच्या, म्हणजे लहानशा तळ्याच्या, काठावर बेडूक सोडला. आता हा पाण्यात उडी मारणार अन् सभा बुडणार! पण पठ्ठ्या पाण्याकडे पाठ करून मागच्या पायांनी वाळू उकरत उलटा आत शिरला.

भैय्यालालनं झेप घेतली, कोपरापर्यंत हात खुपसला आणि बाहेर काढला, तर मुठीत दोन बेडूक! दुसरा अस्सल शहापूरचा. बायको त्याच बोडीवर रोज धुणं धूत होती, आणि हा गडी बेडकासाठी सासुरवाडी खोदून आला होता.

सकाळी कॉलेजात सरांना आनंद झाला, या बेडकाचं जिल्ह्यातलं आणखी एक ठिकाण सापडलं. मग चष्मा वर करून त्यांनी विचारलं, "पण यातला आंधळगावचा कोणता?"

भैय्यालाल दोन्ही बेडूक उलटेपालटे करून पाहू लागला. धुतलेला कोट घेऊन मागोमाग आलेली ललिताबाई मात्र पुढं सरसावली.

"तो गोरा, भरल्या अंगाचा. शहापूरचे समदे असेच सुकलेले रायतेत."

सरांनी भैय्यालालकडे एकवार पाहिलं आणि तसंच लिहून घेतलं.