गाण्याचं नाव राहूनच जातं

हे कोणाला सांगायचं नाही, असं मला बजावलं आहे. पण लातूरच्या आमच्या होस्टेलवर असे किस्से इतके साठलेत की गप्प बसले तर फिजिक्सऐवजी तेच पाठ होतील. आणि खरं सांगू? मला राग आला आहे!

*

माझी रूम पार्टनर प्रतीक्षा, मुदखेडची. क्लासने लेक्चरसाठी दिलेल्या टॅबवर व्हिडिओ, गेम सगळं बंद. ऑनलाइन रेडिओ बंद करायचं मात्र कोणाला सुचलंच नव्हतं! तिला कुठल्याशा परदेशी बेटावरचं स्टेशन सापडलं. एका बाईचा आवाज, मागे नुसती डफासारखी थाप. भाषा कळेना, तरी माझ्या अंगावर काटा आला. गाणं संपलं, निवेदक इंग्रजीत नाव सांगणार, तेवढ्यात दारात रेक्टर मॅडम!

"टॅब बंद!"

तेच गाणं दर रविवारी दुपारी लागायचं. आणि नावाच्या आधी दर वेळी कोणीतरी टपकायचंच.

*

इअरफोन लावले असते तर सापडलो नसतो. पण आमच्याकडे इअरफोनला बंदी. मॅडम लहान असताना भूकंपात त्यांचं गाव गेलं.

"कानात बोळे कोंबू नका गं पोरींनो. कोणी हाक मारली तर ऐकू आली पाहिजे."

मग आम्ही टॅब उशीखाली ठेवून ऐकायचो. पण पलीकडच्या मुलांच्या होस्टेलवर भिंती हादरेपर्यंत क्रिकेटची मॅच लागते. तिथे कोणाला हाका ऐकू येतात?

*

टेस्टमध्ये प्रतीक्षा नकळत तेच गाणं गुणगुणली.

"उत्तर येईना म्हणून गाऊन राहिलीस का?" सर म्हणाले. सगळा वर्ग हसला.

मागच्या बाकावर एक मुलगा चक्क घोरत होता. त्याच्याबद्दल सर म्हणतात, "झोपू द्या, लई अभ्यास केला असंल!"

*

बाबा बिलोलीहून भेटायला आले, तेव्हा मॅडमनी त्यांच्याकडे तक्रार केली.

"रेडिओच ऐकायचा व्हता तर बिलोली काय वाईट व्हती?" बाबा कडाडले.

स्वतः मात्र एसटीत मोबाइलवर कीर्तन लावून आले होते, अख्ख्या गाडीला ऐकू जाईल असं. त्याला कोणी रेडिओ म्हणत नाही!

त्याच दिवशी टॅब मॅडमच्या ऑफिसात गेला. लेक्चरपुरताच मिळायचा, तोही त्यांच्यासमोर.

*

गेल्या रविवारी दुपारी आम्ही तो परत मागायला गेलो. दार उघडंच होतं. मॅडम पाठमोऱ्या बसल्या होत्या.

"मॅडम," मी म्हणाले.

"ओ मॅडम!" प्रतीक्षा ओरडलीच.

मॅडम हलल्यासुद्धा नाहीत. समोर आमचा टॅब, आणि दोन्ही कानांत इअरफोन! मला इतका संताप आला, की मी जाऊन त्यांच्या खांद्यालाच हात लावला.

त्या दचकून वळल्या. डोळे ओले होते. आता मेलो, असं वाटलं. पण त्यांनी एक इअरफोन काढून माझ्या कानाला लावला. गाणं संपत आलं होतं. मग निवेदक बोलायला लागला, आणि पहिल्यांदाच मध्ये कोणी आलं नाही.

"कुणाला सांगायचं न्हाई," मॅडम म्हणाल्या.

मी नाव तळहातावर लिहून घेतलं. ते नाव होतं... थांबा, खालून मॅडम ओरडून राहिल्या आहेत,

"वैष्णवी! अगं, हाक ऐकू येऊन राहिली का न्हाई?"