सूनबाईंची परीक्षा आणि माझं पोट

मंडळी, आमची सून मेघना इथे जर्मनीत, रेगेन्सबर्गला हॉस्पिटलात शिकाऊ डॉक्टर आहे. गेल्या महिन्यात परवान्याच्या परीक्षेत पेशंट तपासताना ती घाबरली आणि नापास झाली. आता एकच संधी उरलीय, नाहीतर नोकरी जाईल. तरी पुस्तकाला हात लावायला तयार नव्हती.

आज दुपारी मी सोफ्यावर आडवा झालो.

"मेघना, पोटात दुखतंय गं. अपेंडिक्स असेल."

"कुठे दुखतंय?"

मी डावीकडे बोट ठेवलं.

"बाबा, अपेंडिक्स उजवीकडे असतं! नाटकं पुरे." महिन्याने हसली पोर. मग म्हणाली, "उठू नका. पुन्हा पहिल्यापासून, आणि परीक्षेसारखं जर्मनमध्ये. तोडकंमोडकं चालेल."

चार वेळा तपासून झालं. माझं पोट आता तिला पाठ झालंय. रविवारी पोहे आमच्याकडे. आडवं व्हायला कोण कोण येतंय?