देव्हाऱ्यातलं विलायती इंजिन

आगगाडीवर जीव टाकणारा आणि आगगाडीत पाऊल न टाकणारा, आमच्या आतोबांसारखा दुसरा माणूस साऱ्या सातारा जिल्ह्यात झाला नसेल. आत्याचं माहेर, म्हणजे आमचं घर, सांगलीला. आतोबा साताऱ्याच्या शाळेत ड्रॉइंग मास्तर. सासरी यायचं तर हा गृहस्थ खडखडत्या मोटारीत जीव मुठीत धरून बसेल, पण आगगाडीचं नाव काढणार नाही. का, तर म्हणे, "डोळ्यात कोळशाची कणी जाते आणि मग इंजिन नीट बघता येत नाही!" घ्या! एरवी मात्र टांगा करून लांबच्या स्टेशनावर जायचे, इंजिन डोळे भरून बघायचे आणि त्याच टांग्यानं परत यायचे.

पण त्यांचं खरं प्रेम विलायतेतल्या एका जुन्या इंजिनावर. लढाईच्या आधी त्यांनी बोटीनं एक पेटी मागवली होती. तिच्यात त्या इंजिनाच्या हातभर नमुन्याचे सुटे भाग आणि नकाशे होते. ते जोडण्यात वर्षं गेली. हिरवा रंग चित्रातल्यासारखा जमेना, म्हणून लावायचा आणि खरवडायचा. आत्या म्हणायची, "अहो, पोपट झाला, शेवाळ झालं, आता पुरे की!" पण आतोबा ढिम्म. इंजिनाला बोट लावायची तर कुणाची बिशाद नव्हती. खंडेनवमीला विळीला, अडकित्त्याला हळदकुंकू वाहताना आत्या दर वर्षी विचारायची, "तेवढं इंजिनालाही लावू का?" आतोबा दोन्ही हात आडवे धरत. "विलायतेत इंजिनाला कुंकू लावत नाहीत!"

"मग जेवायलाही तिकडंच जा," म्हणून आत्या चुलीकडे वळायची.

पुढं बेचाळीसची चळवळ आली. कुठं तारा तुटत, कुठं रूळ उखडले जात. अशात कुणी तरी ठाण्यात सांगितलं, की मास्तरांच्या घरात रेल्वेचे नकाशे आहेत. झालं! मी तिथं पाहुणा म्हणून गेलो होतो, त्याच दिवशी हवालदार दोन शिपाई घेऊन दारात हजर. आतोबांनी स्वतःच नकाशे पसरले आणि त्यांना बॉयलर समजावून सांगू लागले. हवालदार वैतागला. "मास्तर, समदं ठाण्यात सांगा. ते इंजान बी घ्या रं पोत्यात!" पोतं म्हटल्याबरोबर आतोबा पांढरेफटक पडले. तुरुंगाची भीती त्यांना नव्हती, पण इंजिन पोत्यात?

तेवढ्या वेळात आत्यानं इंजिन उचलून देव्हाऱ्यात बाळकृष्णाशेजारी ठेवलं होतं. तोंडावर कुंकवाचं बोट, वर झेंडूचं फूल. "पूजेचं आहे. आंघोळ करून आला असाल तर उचला," ती म्हणाली. हवालदार बुटांनिशी उंबऱ्यावरच थबकला. मग त्यानं हात जोडले. "ऱ्हाऊ द्या आक्का. आमी बी खंडेनवमीला बंदुकीला कुंकू लावतोच की." नकाशे तेवढे गेले, ते काही परत आले नाहीत.

आदल्या दिवशीचा रंग अजून ओला होता, त्यामुळे कुंकवाचा ठिपका त्यात पक्का बसला. आता हे पुन्हा सगळं खरवडणार, असं मी धरूनच चाललो होतो. आतोबांनी भिंगातून तो ठिपका बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "असू दे."

आत्या गेली त्या वर्षी खंडेनवमीला मी मुद्दाम साताऱ्याला गेलो. आतोबा इंजिन पुढ्यात घेऊन बसले होते. त्या जुन्या ठिपक्यावर कुंकू टेकवायला बघत होते, पण बोट जवळ नेऊन पुन्हा मागं घेत होते. मला राहवेना. म्हटलं, "आतोबा, मी लावू का?"

त्यांनी दोन्ही हात आडवे धरले.

"नको. तिचं बोट बारीक होतं. बाहेर जाईल."