टोपीतला फोटो

मेमरी कार्ड खराब झालं नव्हतं. तो फोटो मी पुसला, माझ्या हातानं, पूर्ण शुद्धीत. हे आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही.

मी अमरावतीत गिटार शिकवतो. दिवसभर पोरांना सिनेमाची गाणी शिकवायची आणि घरी येऊन ब्लूज ऐकायचं, असं वीसेक वर्षं चाललंय. अमेरिकेतल्या काळ्या शेतमजुरांचं ते गाणं ऐकणारे गावात आम्ही चौघं. कापूस तिकडेही, कापूस इकडेही, एवढ्या भांडवलावर आम्ही स्वतःला त्यांचे सख्खे भाऊ समजायचो. चौघांपैकी एकानंही कधी बोंड वेचलेलं नव्हतं.

पुढे मी कॅमेरा घेतला. वऱ्हाडातले गाणारे-वाजवणारे टिपायचे, तेही कृष्णधवल, कारण जुन्या रेकॉर्डांच्या वेष्टनांवर तसेच असतात. गाणारा म्हातारा हवा, कपडा फाटका हवा, नजर दूर कुठंतरी हवी. माणूस हसला की माझा मूड जायचा.

मूर्तिजापूरला एक काका भेटले. खंजिरी वाजवून भजनं म्हणायचे. घरची फुलशेती, स्टेशन रोडला हारांचं दुकान. आवाज असा खरबरीत की माझ्या अंगावर काटा आला. त्यात मला शेकडो वर्षांचं दुःख ऐकू आलं. प्रत्यक्षात ते लोकांना नाल्या उपसायला आणि दारू सोडायला सांगत होते, आणि त्यात त्यांना भयंकर मजा येत होती. शब्दांकडे लक्ष द्यायची मला गरज वाटली नाही.

फोटोसाठी ते इस्त्रीचा पांढरा शर्ट, भगवी टोपी आणि चष्मा घालून तयार. मी म्हटलं, "काका, हे सगळं काढा. घरातली एखादी जुनी बनियान घाला."

"काहून? मी काय उघड्यावर पडलो काय?"

"फोटोत खरं वाटतं."

"खरं तं हेच हाये भाऊ. बनियान मी पोतं उचलाच्या वक्ती घालतो."

तरी घातली. पाहुण्याचं मन मोडायचं नाही, एवढंच कारण. मी त्यांना नॅरोगेजच्या छोट्या रेल्वेगाडीच्या बंद पडलेल्या रुळांवर नेलं, कारण रेकॉर्डांवर रूळही असतात. गवतात बसवलं, चष्मा खिशात ठेवायला लावला. ते म्हणाले, "भाऊ, इथं लोकं टमरेल घेऊन येतात. लवकर करा." दिसत नसल्यानं त्यांनी डोळे बारीक केले. तीच मला हवी असलेली वेदना. मी धडाधड बटण दाबलं.

घरी परतल्यावर ते पुन्हा शर्ट-टोपी घालून पुढे आले. "आता माह्या मनासारखा एक काढा. रंगीत. मी रोज लोकांच्या फोटोंले हार बनवतो. चांगला फोटो असला तं हारबी शोभून दिसते. माह्यावर पाळी आली का घरात एक ढंगाचा असला पाह्यजे."

काकू आतून म्हणाल्या, "आतापासूनच काय घाई लागली तुमाले?" आणि ते हसले, आणि नेमका तेव्हाच मी काढला. फार सुंदर आला होता. अशा फोटोंना मी तेव्हा स्टुडिओछाप म्हणायचो.

महिन्याभरानं अकोल्यात प्रदर्शन ठरलं. पुण्याहून येणाऱ्या एका जाणकारानं सगळे मूळ फोटो पाहायला मागितले. रुळांवरच्या फकिराशेजारी हाच माणूस चष्मा-टोपीत खुशाल हसताना दिसला असता, तर माझं वऱ्हाडी ब्लूज तिथंच उघडं पडलं असतं. म्हणून पुसला. प्रदर्शनात बनियानवाल्या फोटोपुढं लोक माना हलवत उभे राहिले. एक बाई डोळे पुसत होत्या. मीही खालमानेनं कौतुक घेतलं. काकांना बोलावलं नव्हतं. ते आले असते, तर इस्त्रीचा शर्ट घालून आले असते.

पुढच्या वर्षी काका गेले. तेराव्याला गेलो. भिंतीवर मी काढलेला तोच बनियानवाला फोटो, कुणीतरी आणून दिलेल्या प्रदर्शनाच्या पत्रकावरून मोठा केलेला. आधार कार्डावरचा मोठा केला तर नुसते ठिपके दिसले, म्हणून पुतण्यानं हा लावला होता. चौकातल्या श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवरही हाच. पाहुण्यांमधलं कोणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "शेवटी हाल झाले वाट्टे बुढ्याचे."

काकूंनी ते ऐकलं. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "भाऊ, टोपीतला काढला होता ना तुमी? तेवढा द्या. हे पाहून लोकं इचारून राहिले, मी ह्यायले धड कपडेबी देत नव्हती का म्हणून."

मी म्हणालो, "काकू, कार्ड खराब झालं. त्यातलं सगळंच गेलं."

"जाऊ द्या मग. मशीनच ते, तुमी काय करान." आणि माझ्यासाठी चहा टाकायला सांगितला. मी तो प्यालो.

त्यानंतर दोनदा गेलो. काकू दुकानातला सगळ्यात जाड झेंडूचा हार फोटोला घालतात, दोन पदरी, गळ्यापासून खालपर्यंत, म्हणजे बनियान दिसत नाही. हार सुकायच्या आत बदलतात. दोन्ही वेळा मी त्या भिंतीसमोर बसून इकडचं तिकडचं बोललो आणि उठलो.

तो फोटो आता मी देऊ शकत नाही. पण कार्ड खराब झालं नव्हतं, मी खोटं बोललो, हे काकूंना त्यांच्या घरी जाऊन सांगायचं आहे. तेवढं मी त्यांचं देणं लागतो, आणि ते अजून दिलेलं नाही.