खडूच्या खुणा

अख्खी गल्ली त्याला भिंगरी म्हणायची. शिंप्याने खरं तर बूड टेकून बसावं. हा गडी दोन शिवणी मारल्या की उठणार, पंख्याचं बटण खोलून बघणार, नाहीतर शेजाऱ्याची सायकल उलटी करून ठेवणार. बायकोने त्याच्यापुढे कधीच हात टेकले होते.

त्या दिवशी त्याच्या सासूबाईंना कायमचं घेऊन यायचं होतं. म्हातारीला एकटीने राहणं जमेना, म्हणून तिचं घर बंद करून तिला इकडे आणायचं ठरलं होतं. तिच्याकडून हो म्हणवून घेताना बायकोच्या नाकी नऊ आले होते. निघायचं सकाळीच होतं, आणि नेमकं तेव्हाच भिंगरीने गाडीचं बॉनेट उघडलं.

"टायमिंग बेल्ट बदलायची वेळ कधीच होऊन गेलीय," तो म्हणाला. "वाटेत तुटला तर इंजिनाचे बारा वाजतील. आईंना घेऊन रस्त्यात उभं राहायचंय का?"

"मग काल काय झोपा काढत होतात?"

तो पान्यांचा डबा शोधायला लागला. म्हातारीला तिच्या घरातून उठवायचं, या विचाराने त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. आणि जीव थाऱ्यावर नसला की त्याला काहीतरी खोलून बसावंच लागे.

त्याने पुढचं चाक काढलं, इंजिनाच्या बाजूचं झाकण काढलं. आत दोन दातेरी चाकं, एक वर, एक खाली, आणि दोघांना बांधून ठेवणारा तो पट्टा. शिलाई मशीनची सुई आणि हुक जसे एकमेकांना धरून चालतात, तसंच हेही. एक दात इकडचा तिकडे झाला की सगळंच ओम फस. म्हणून पट्टा उतरवण्याआधी त्याने खिशातला खडू काढला आणि दोन्ही चाकांवर, त्यांच्यासमोर इंजिनावर, पांढऱ्या रेघा ओढल्या. शिंप्याचा खडू असतोच मुळी पुसला जाण्यासाठी, हे काही त्या शहाण्याच्या डोक्यात आलं नाही.

पट्टा उतरवला, तेव्हा लक्षात आलं की नवा दुकानातून आणायचाच राहिलाय. तो धावत जाऊन घेऊन आला, तर बायको गाडीपाशी उकिडवी बसलेली, हातात रॉकेलचं फडकं. चाकं लख्ख झाली होती, इंजिनाची समोरची बाजूही. वरचं चाक तर जागचं हललंही होतं.

"अगं, काय केलंस हे? रेघा कुठायत?"

"किती घाण होती. पुसली."

तो गाडीभोवती दोन फेऱ्या मारून आला, पाना उचलला, ठेवला, पुन्हा उचलला. मग वाकून बघतो तर काय, काळा थर गेला होता तिथे दोन्ही चाकांवर आणि समोर इंजिनावर बारीक खळगे दिसत होते. कारखान्यातूनच कोरून आलेल्या खुणा! त्याने चाकं सावकाश खुणेवर आणली, पट्टा चढवला, ताणला, पाना लावून इंजिन हातानेच फिरवून पाहिलं. कुठे काही अडलं नाही. खळगे पुन्हा आपापल्या जागी आले.

"जमलं! चल, आवर पटकन."

बायको उठेना. फडक्याची घडी घालत बसली.

"रेघा दिसल्या होत्या मला," ती म्हणाली. "तरी पुसल्या. म्हटलं, आजचा दिवस तरी टळेल. तिच्या दाराला कुलूप मी कुठल्या हातांनी लावू?"

त्याला रागच आला नाही. तो तिच्याशेजारी जमिनीवर बसला.

"मला तरी बेल्ट नेमका आज सकाळीच का आठवला?" तो म्हणाला.

तेवढ्यात बायकोचा फोन वाजला. सासूबाईच होत्या, आणि बोलत होत्या इतक्या मोठ्याने की त्यालाही सगळं ऐकू येत होतं.

"अगं, आहात कुठे? मी सकाळीच कुलूप लावून पायरीवर बसलेय. लवकर या बाई, नाहीतर परत उघडेन मी."